मुंगळीचा बाप

तो माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याची तोंड भरून तारीफ करायला लागलो की कुणी विचारायला नको, हा त्याचा कोण लागून गेला. मोठा भाऊ लागून गेलो. चालायला त्याला मी शिकवलं, सायकल मी शिकवली, आणि गणितात तो नापास व्हायचा तेही माझ्याच वळणावर. पण कात्री धरायला त्याला कुणी शिकवलं नाही. ती तो पोटातूनच शिकून आला.

धाकट्याचं सलून आहे. एक खुर्ची, एक आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक, आणि आरशाच्या वरती छताला टांगलेला पत्र्याचा पक्षी. पक्षी मी केलाय. पत्र्याचं काम माझं. गळकी बादली कुणाकडे न्यायची हे आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल. पक्ष्याच्या पोटाला दोरी आहे. ती छतातल्या कडीतून खाली येते आणि तिचं टोक धाकट्याच्या पायाच्या अंगठ्याला. अंगठा हलला की वर पंख फडफडतात.

आता हे सगळं कशासाठी, तर लहान पोरांसाठी. केस कापताना पोरं रडतात. जगात कुठेही जा, रडतातच. गळ्याभोवती फडकं आवळलेलं, मागे एक अनोळखी माणूस, त्याच्या हातात धारदार हत्यार. मोठा माणूससुद्धा रडेल, लाजेखातर गप्प बसतो एवढंच. पण धाकट्याच्या खुर्चीत पोर रडत नाही. तो म्हणतो, ‘ते बघ, ते बघ, आला.’ पोर मान वर करतं, तोंडाचा आ वासतं, आणि तेवढ्यात कानामागचं सगळं साफ. ‘गेला का रे? अरे, परत आला.’ की दुसरा कान. पोर खुर्चीतून उतरतं तेव्हा त्याला कळलेलंही नसतं की डोकं हलकं झालंय. लांबलांबून आया पोरं घेऊन येतात. वाटेत चार सलूनं ओलांडून येतात.

त्याच्या बाकावर एक आजोबा कायमचे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, आता कुणी दुरुस्तीला देत नाही म्हणून रोज सकाळी इथे येऊन बसतात. पेपर पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतात आणि मग दुपारच्या जेवणाच्या तोंडावर दाढीला बसतात. नवीन गिऱ्हाईक आलं की तेच सांगायचे, ‘इथे एक पोर रडलेलं दाखवा, माझी मिशी उतरवतो.’ धाकटा खाली बघून वस्तरा पुसायचा, पण कान लाल झालेले असायचे. खूश झाला की त्याचे कान लाल होतात. आमच्या घराण्यात फक्त त्याचेच.

त्याची बायको पावाच्या कारखान्यात. पहाटेची पाळी. लेक झोपेत असतानाच ती चपला हातात घेऊन जिना उतरते, आवाज नको म्हणून. लेक उठते तेव्हा आई नसते, बाप असतो. बाप दूध देतो, वेणी घालतो (वेणी म्हणजे काय, आरशात बघत राहावं अशी वेणी), आणि बोट धरून बालवाडीत नेतो. बालवाडीच्या पडवीत माशांची काचेची पेटी आहे. तिथे उभं राहून तो म्हणायचा, ‘ते बघ, मासा. बघ कसा वळला.’ पोरगी वाकायची. आणि ती सरळ व्हायच्या आत बाप गल्लीच्या पार.

‘दादा,’ तो मला सांगायचा, ‘बाकीच्यांची पोरं दारात काय तमाशा करतात. लोळतात, लाथा झाडतात. आमची? हूं नाही की चूं नाही. तिला पत्तासुद्धा लागत नाही मी कधी गेलो त्याचा.’

आता पोरीचं सांगतो. तिचं नाव मी ठेवलं, मुंगळी. मुंगळा कसा, एकदा चिकटला की चिकटला, ओढायला जावं तर चावतो आणि तुटला तरी सोडत नाही. तशी ती. बाप आंघोळीला गेला की ही दाराबाहेर, फटीतून आत हात घालून बसलेली. बापाने आतून बोटाला बोट लावायचं, अधूनमधून, म्हणजे आहे हे कळतं. घरी पाहुणा आला की मुंगळी त्याच्या बुटांवर जाऊन बसायची. पाहुणा म्हणायचा, काय गोड पोरगी आहे. मग निघायची वेळ झाली की त्याला कळायचं कितपत गोड आहे. एक जण तर आमच्याकडून अनवाणी गेला, बूट दुसऱ्या दिवशी मी पोचवले.

‘दादा, पोरीला किडामुंगीची नावं नका ठेवू,’ तिची आई म्हणायची.

‘मुंगळा कष्टाळू असतो,’ मी म्हणायचो.

‘चावतो.’

‘कष्टाळू असतो आणि चावतो. दोन्ही असतो.’

हसायचो आम्ही. मग एक दिवस बालवाडीच्या बाईंनी धाकट्याला आत बोलावलं. बाई म्हणजे मोठं प्रकरण. आवाज असा की पोरं रांगेत उभी राहतातच, त्यांना सोडायला आलेले बापही राहतात.

‘तुमची मुलगी मुलांवर बसते,’ बाई म्हणाल्या.

‘बसते म्हणजे?’

‘बसते म्हणजे बसते. आडवं पाडते आणि वर बसते. खालचं मूल उठायला लागलं की चावते.’

‘खेळात होतं असं.’

‘खेळ दोघांना कळावा लागतो. ज्याच्यावर बसलीय त्याला तो कळत नाही.’

ज्याच्यावर ती सगळ्यात जास्त बसायची तो घड्याळवाल्या आजोबांचाच नातू. गालफुग्या म्हणतात त्याला सगळे, गालच तसे आहेत. त्या गालांवर, मनगटावर, एकदा तर पोटावर मुंगळीच्या दातांच्या खुणा. बाई स्पष्टच बोलल्या. आया भांडायला येतायत, त्यांना अजून किती दिवस थोपवणार. हा आठवडा बघते, सुधारली नाही तर पोरीला घरी ठेवावं लागेल.

धाकटा सलूनला आला तो तणतणत. ‘असले गाल घेऊन फिरलं तर कुणीही चावेल,’ हे तो चक्क आजोबांच्या तोंडावर बोलला.

आजोबांनी पेपर खाली घेतला. ‘माझ्या नातवाचे गाल घरातून झाकून पाठवू म्हणतोस?’

‘तसं नाही म्हणालो.’

‘तसंच म्हणालास. आणि एक सांगू? घरी येऊन तो तिचंच नाव घेतो. मला म्हणतो, ती मला जाऊ देत नाही. रडतो आणि वर तिचंच सांगतो.’

धाकटा वस्तरा पुसत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. बालवाडी सुटली तर मुंगळी दिवसभर त्या बाकावर, पेपर आणि म्हातारी माणसं यांच्यामध्ये. नाहीतर तिच्या आईने पाळी सोडायची, जी तिला मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. पण ते सगळं एकीकडे. चार वर्षांच्या पोरीपाशी जगात एकही सवंगडी टिकत नाही, हे त्याच्या घशाखाली उतरेना. लेक ज्या कुणाला जवळ ओढायची, तोच किंचाळत पळायचा.

त्याने सगळे उपाय केले. समजावलं, दरडावलं, चावलीस तर बाहुली काढून घेईन म्हणाला. बाहुली काढूनही घेतली. मुंगळीने मग त्याचा सदरा धरला, तो रात्री झोपेतही सोडला नाही. सकाळी सदऱ्यातून अंग काढून घेऊन तो उठला आणि बनियनवर चहा करत बसला.

शेवटी बाईच म्हणाल्या, ‘उद्या नेहमीसारखे सोडून जा. मग मागच्या अंगाने या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आतलं दिसतं. मी सांगण्यापेक्षा तुम्हीच बघा.’

तो गेला. मासा दाखवला, सटकला, इमारतीला वळसा घालून मागे आला आणि भांडी घासायच्या मोरीत उभा राहून खिडकीला डोळे लावले. चोरासारखा. पायात पाणी, हातात चपला.

मुंगळी उघड्या दारापलीकडे पडवीतच होती. माशांकडे तिची पाठ होती. बाकीची पोरं काचेला नाकं चिकटवून उभी, आणि ही एकटी त्यांच्याकडे पाठ करून, गल्लीकडे बघत. रडली नाही. ओठसुद्धा हलला नाही. धाकट्याला एकदम वाटलं, या पोरीने मासा नीट बघितलाय तरी का कधी?

मग ती आत गालफुग्याकडे गेली आणि त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. त्याला चाललं ते. एका हाताने टोक धरून दुसऱ्या हाताने ती लाकडी ठोकळे रचायला लागली. मनोरा झाला. गालफुग्या हसला, ही हसली. धाकट्याला वाटलं, बाईंची काहीतरी चूक होतेय. यात चावण्यासारखं काय आहे?

तेवढ्यात बाईंनी टाळी वाजवली आणि भिंतीवरच्या मोठ्या चित्राकडे हात केला.

‘ते बघा, ते बघा, कोण आलंय?’

सगळी डोकी तिकडे वळली. एक सोडून. मुंगळीचं डोकं उलट्या दिशेला फिरलं. दाराकडे, मग बाईंकडे, मग एकेका पोराकडे. कोण चाललंय, कोण चाललंय असं शोधत. गालफुग्या चित्र नीट दिसावं म्हणून उठला. त्याच्या सदऱ्याचं टोक तिच्या मुठीतून सुटलं. आणि तिने त्याला मागून धरून खाली पाडलं, छातीवर बसली, आणि तो धडपडला तसा गाल धरला.

मोरीत उभ्या माझ्या भावाचे कान पांढरे पडले. ते शब्द त्याचेच होते. ते तो दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. गिऱ्हाइकाच्या पोराला म्हणतो तेव्हा पक्षी येतो. स्वतःच्या पोरीला म्हणतो तेव्हा बाप जातो.

बाईंनी दोघांना सोडवलं, मदतनीस बाईकडे दिलं आणि स्वयंपाकघरात आल्या.

‘बघितलंत?’

‘मी, तिने रडू नये म्हणून—’

‘ती रडत नाहीच. पहिल्या दिवसापासून नाही. बाकीची रडतात, दहा मिनिटांत नाक पुसून खेळायला लागतात. ही रडत नाही आणि दिवसभर पहारा देते. दमते हो पोर. डबा खाताना झोप येते तिला.’

‘पण मी सांगून निघालो तर ती धरणार. ओरडणार.’

‘ओरडेल की.’

‘सगळ्यांसमोर.’

बाईंनी त्याच्या हातातल्या चपलांकडे बघितलं. ‘तुम्ही मोरीत उभे आहात,’ म्हणाल्या, ‘आता आणखी काय व्हायचं राहिलंय?’

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. मी एका डब्याला कड मारत होतो. मागोमाग त्याची बायकोही आली, मुंगळीला कडेवर घेऊन. पोरगी लगेच खाली उतरली आणि माझ्या पायावर बसली. धाकट्याने सगळं सांगितलं, मोरीसकट. बायको ऐकत राहिली, मग म्हणाली, ‘मी तरी काय वेगळं करते? चपला हातात घेऊन जाते.’

‘तुझं वेगळं. ती झोपलेली असते.’

‘म्हणजे तिच्यापुरतं बघा. डोळे मिटले की आई जाते, आणि डोळे माशाकडे वळवले की बाप जातो. पोरीने बघायचं तरी कुठे?’

 धाकटा पायाने जमीन टोकरत बसला आणि मग मनातलं बोलला. ‘दादा, मला तिचं रडणं बघवत नाही. कुणाचंच बघवत नाही. पोर रडलं की हात थरथरतो माझा. म्हणून तर तो पक्षी टांगला.’

आता इथे मला बोलायला हवं होतं, कारण ही गोष्ट घरात फक्त मलाच ठाऊक. आमची आई दवाखान्यात झाडलोटीला जायची. रोज दारात उभी राहून सांगायची, मी चालले, दिवे लागायच्या आत येते. आणि हा रोज बोंबलायचा. साधं रडणं नाही. जमिनीवर आडवा, पाय झाडत, शेजारीपाजारी खिडक्या लावून घ्यायचे. मी त्याचे पाय धरून बसायचो. आई वळून बघायची, हात करायची आणि जायची. कधी चोरून गेली नाही.

‘मी?’ धाकटा म्हणाला. ‘मी रडायचो?’

‘गाव गोळा करायचास.’

‘मला काहीच आठवत नाही.’

‘कसं आठवेल? ती गेली की उठायचास, माझ्या वाटणीचं खायचास आणि बाहेर पळायचास. दिसेल त्या पोराच्या खांद्यावर हात. खेळणं मागितलं तर देऊन टाकायचास, तेही माझं. कोण राहतंय, कोण घरी चाललंय, तुला घेणंदेणं नसायचं. एखादं पोर जेवायला गेलं तर तू दुसरं धरायचास. आपली आई दिवे लागायच्या आत यायची, बाकी जग गेलं उडत.’

तो माझ्याकडे बघत राहिला. मी डब्याची कड ठोकत राहिलो. असं काही सांगून झालं की हाताला काम लागतं.

‘उद्या मी तिला उठवून जाईन,’ त्याची बायको म्हणाली.

‘पहाटे? पोर झोपेतून—’

‘उठवून. सांगून. चपला घालून.’

मुंगळी माझ्या पायावर बसल्या बसल्या झोपली होती. दोघं तिला घेऊन गेली. तिने माझ्या विजारीचा काठ धरलेला होता, तो सोडवताना बाप म्हणाला, ‘काका इथेच आहे गं. आपण चाललोय.’ झोपेतल्या पोरीला सांगत होता. पण सांगत होता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे झालं.

पहाटे आमच्या अख्ख्या इमारतीला जाग आली. आईने उठवून सांगितलं, आणि मुंगळीने जे भोकाड पसरलं ते थेट माझ्या पत्र्याला ऐकू गेलं. वरच्या मजल्यावरचा माणूस जिन्यात येऊन विचारून गेला, काय पडलं का म्हणून. आई खाली उतरताना मला दिसली. चपला पायात, फटक फटक वाजत, डोळे पुसत, पण मागे फिरली नाही. खालून वर बघून हात केला. वरच्या खिडकीत बापाच्या कडेवर ती होती.

मग बालवाडी. पडवी भरलेली. आया, बाप, पोरं. निम्म्या आया धाकट्याच्याच गिऱ्हाईक. तो माशांच्या पेटीशी थांबला नाही. सरळ दारात गेला, गुडघ्यावर बसला, पोरीला समोर उभं केलं.

‘मी आता जाणार आहे,’ म्हणाला. ‘सलूनमध्ये. तू इथे राहणार. डबा खाऊन झाला, हात धुऊन झाले, की मी ह्याच दारात असेन.’

पोरीने त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. तिने त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि मग अशी किंचाळली, की पडवीत एकाएकी सगळे गप्प. हिच्यापुढे आपलं काय, म्हणून इतर पोरांनी रडणंही थांबवलं. ‘सलूनवाल्याची आहे ना ही?’ एक आई दुसरीला म्हणाली. हळू म्हणाली, पण तेवढ्या शांततेत हळू कसलं. बाई पुढे आल्या आणि एकेक बोट सोडवायला लागल्या. मुंगळीने त्याचा अंगठा धरून कचकन चावा घेतला. तो तिथेच बसून राहिला, अंगठा तिच्या तोंडात ठेवून, आणि तेच पुन्हा म्हणाला. डबा, हात, हेच दार. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याचाही आवाज गेलेला होता. मग उठला आणि तिच्याकडे तोंड करून, एक एक पाऊल मागे सरत पडवी उतरला. दिसेनासा होईपर्यंत तो तिला दिसत राहिला.

माझं दुकान त्याच गल्लीच्या टोकाला. तो समोर येऊन थांबला. ओरडणं तिथपर्यंत ऐकू येत होतं. अंगठ्यावर दातांची माळ उठली होती.  दोनदा मागे वळला, दोनदा स्वतःलाच सरळ केलं. मग सलूनकडे निघाला. मीही निघालो, डबे दुकानातल्या मांजराच्या भरवशावर टाकून. अशा वेळी मोठा भाऊ डबे बघत बसतो का?

आजोबा बाकावर होतेच. ‘आज उशीर?’

‘पोरगी रडत होती.’

आजोबांनी पेपर खाली घेतला. ‘कुणाची?’

‘माझी.’

‘का रे? काय झालं?’

‘सांगून आलो म्हणून.’

आजोबांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. धाकट्याने खुर्ची पुसली, फडकं झटकलं, वस्तऱ्याला धार दिली. हात थरथरत नव्हता, मी मुद्दाम बघितलं.

‘पेपर आज लवकर संपवा,’ तो म्हणाला. ‘आणि एक आत्ताच सांगून ठेवतो. तिचे हात धुऊन झाले की मी तिकडे दारात असणार. तुमचा एक गाल झालेला असो की दोन, साबण तसाच तोंडावर ठेवून मी निघणार.’

‘आणि मी तोवर काय करायचं?’

‘बसून राहायचं,’ धाकटा म्हणाला. ‘येतो ना मी परत.’